डावीकडचा पडका बुरूज

“डावीकडचा बुरूज कोणी नीट केला?”

आजोबांनी आवाज चढवला नव्हता. पण हातातला चहाचा कप त्यांनी बशीत न ठेवता सरळ कठड्यावर ठेवला, त्यावरून मी ओळखलं की आता माझी धडगत नाही. मी कोपरापर्यंत चिखलाने माखून अंगणात उकिडवी बसले होते. समोर आमचा दिवाळीचा किल्ला होता.

“मी केला,” मी म्हटलं. “पडका दिसत होता.”

“पडकाच आहे तो. पाड.”

“आजोबा, चारच तर दगड रचलेत.”

“मग चारही पाड. तीन बाहेरच्या अंगाला आणि एक आत. आतला तिरका पडायला हवा.”

मी दगड पाडले. तिरका दगड त्यांच्या मनासारखा तिरका होईपर्यंत मला तीनदा उचलून ठेवावा लागला.

ही एक्क्याण्णव सालची वसुबारस. मी तेरा वर्षांची होते. बाबांची बदली भिलाईला झाली, माझी साताऱ्यातली शाळा मध्येच सुटायला नको म्हणून मला आजी-आजोबांकडे ठेवलं होतं. आमच्या कॉलनीत किल्ल्यांची स्पर्धा असायची आणि त्या वर्षी पहिलं बक्षीस होतं बॅडमिंटनच्या दोन रॅकेटी. त्या मी दुकानात जाऊन हातात धरून बघून आले होते. समोरच्या पाटणकरांकडे रायगड आकार घेत होता. त्याला बाजारपेठ होती, टकमक टोक होतं, आणि सलाइनच्या नळीतून पडणारा धबधबा होता. आणि आमच्याकडे काय? दगडांची दोन वेडीवाकडी कडी, एकात एक. कडेने पांढरी नाडी अंथरलेली. हळीव पेरायचं नाही, मावळे मांडायचे नाहीत, सिंहासनावर महाराजसुद्धा नाहीत. मधोमध एक नारिंगी झेंडा, तोही किल्ल्याला न शोभेल एवढा मोठा. आणि डावीकडे तो पडका बुरूज.

मी लहान असल्यापासून दर दिवाळीला हाच किल्ला बघत आले होते. त्यात एका दगडाचाही फरक होत नसे. बरं, परसात छान मऊ माती होती, तिथे करू म्हटलं तर तेही नाही. किल्ला पुढच्या अंगणातच, कुंपणाला लागून, रस्त्यावरून दिसेल असाच व्हायला हवा. त्या रस्त्याने मेढा, महाबळेश्वरकडच्या एसट्या दिवसभर धूळ उडवत जात. त्यामुळे आमचा किल्ला संध्याकाळपर्यंत दळणाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसायचा.

एरवी आजोबा हेकट नव्हते. शिस्तीचे मात्र होते, आणि ती शिस्त कधीकधी सोसायची नाही. त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती. तिच्यावर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायचं असलं तरी आधी दोन्ही ब्रेक, दिवा, हॉर्न, मग पेट्रोलच्या टाकीत पट्टी बुडवून बघणं, मग दोन्ही चाकांना एकेक लाथ. मी पिशवी धरून ताटकळत उभी.

“आजोबा, कोपऱ्यावर तर जायचंय!”

“जमिनीवर आहोत तोवर तपासून घ्यावं,” ते म्हणायचे. “वर गेल्यावर उतरून बघता येत नाही.”

कारण आजोबा वैमानिक होते. स्क्वाड्रन लीडर रत्नाकर फणसळकर, निवृत्त. कॉलनीतली मुलं त्यांना पायलट आजोबा म्हणत. पण मला खरं सांगायचं तर त्याचा फारसा अभिमान नव्हता. मला लढाऊ विमानाचे आजोबा हवे होते. माझे आजोबा डाकोटा चालवायचे, म्हणजे मालवाहू विमान. मी वर्गात त्यांच्याबद्दल बोलायला उभी राहिले तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, “किती विमानं पाडली?” मी घरी येऊन तोच प्रश्न आजोबांना विचारला.

“पाडली? छे. मी पोती पाडली,” ते हसत म्हणाले. “मी हमाल होतो गं. स्टेशनवरच्या हमालाला लाल डगला असतो, मला निळा होता, एवढाच फरक.”

मग त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. पूर्वेकडच्या डोंगरात आपल्या चौक्या होत्या, तिथे रस्ताच नव्हता. तांदूळ, डाळ, मीठ, सगळं वरून टाकायचं. पोत्यात पोतं घालायचं. आतलं अर्धंच भरलेलं, बाहेरचं ढिलं. खाली आपटल्यावर आतलं फुटतं, पण बाहेरच्यात धान्य राहतं. दरी एवढी अरुंद की विमान आत शिरलं की वळायची पंचाईत. पोती ढकलायला तीन-चार सेकंद मिळायचे. आणि खाली माणसांनी पांढऱ्या कापडाचं एक अक्षर अंथरलेलं असायचं. रोजचं अक्षर वेगळं, ते वायरलेसवरून त्यांना कळवलेलं असायचं.

“आणि चुकीचं अक्षर दिसलं तर?”

“तर माल टाकायचा नाही. परत यायचं. चौकी शत्रूच्या हातात गेलेली असू शकते. आपलंच धान्य त्यांच्या पोटात कशाला?”

“तुम्हाला कधी दिसलं चुकीचं अक्षर?”

“एकदा.”

“मग?”

“मग काय? तुझा गृहपाठ झाला का?”

विषय तिथेच संपला. आजी पलीकडे भाजी निवडत होती. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

दिवाळीच्या दिवसांत आजोबांची आणखी एक सवय होती. दिवे लागले की ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचे आणि विचारायचे, “आज किल्ला बघून कोणी काही विचारलं?”

रोज हेच. सुट्टीला जमलो की आम्ही नातवंडं एकमेकांना कोपरखळ्या मारायचो. मला वाटायचं, आजोबांना कौतुक ऐकायचंय. एवढ्या भिकार किल्ल्याचं कोण कौतुक करणार, असं तोंडावर आलेलं मी गिळून टाकायची. “नाही, कोणी नाही,” असं सांगितलं की ते “बरं” म्हणायचे आणि रेडिओ लावायचे.

धनत्रयोदशीला सकाळी आजोबा सैनिक कार्यालयात काही कागद द्यायला गेले. जाण्याआधी अर्थातच दोन ब्रेक, दिवा, हॉर्न, पट्टी, दोन लाथा. आजी स्वयंपाकघरात चकल्यांच्या घाण्यात अडकली होती. परीक्षक दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होते. मी किल्ल्यासमोर उभी राहिले. रॅकेटी डोळ्यांसमोर नाचत होत्या.

आणि मी किल्ला मोडला.

मोडायला पाच मिनिटं पुरली. मग भराभर माती कालवली, परसातून विटा आणल्या, आणि अडीच तासांत प्रतापगड उभा केला. तटबंदी केली, चोरदरवाजा केला, माळ्यावरच्या खोक्यातले मावळे आणून चढवले. डावीकडे तर असा बुलंद बुरूज केला की बास. पांढरी नाडी गुंडाळून खिशात घातली, झेंडा कापून बेताचा केला. आजोबांना काय सांगायचं ते मी ठरवूनही टाकलं होतं: गाय आत शिरली आणि तिने मोडला. वसुबारस होऊन गेली होतीच, गाईवर कोण रागावणार!

अकराच्या सुमारास कुंपणापाशी एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा असेल. धुवट पांढरा सदरा, लेंगा, टोपी, खांद्याला कापडी पिशवी. तो किल्ल्याकडे बघत होता. मग त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, आमच्या फाटकाकडे पाहिलं, आणि पुन्हा किल्ल्याकडे.

“पोरी,” तो म्हणाला, “काल हितं दुसरा किल्ला व्हता न्हवं?”

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, हा आजोबांच्या ओळखीचा असणार आणि आता माझं बिंग फुटणार.

“नाही,” मी म्हटलं. “हाच होता.”

“दोन कडी व्हती बग. दगडाची. कडंनं पांढरी फीत. मी काल एष्टीतनं बगितला. गाडी थांबंना, म्हनून आज मुद्दाम आलोय मेढ्याच्या फुडनं.”

“नाही हो. हाच.”

“डाव्या अंगाचा बुरूज पडल्याला…” तो हाताने दाखवत म्हणाला. “तीन दगूड भाईर, एक आत.”

खिशातली नाडी मला टोचायला लागली. आत झाऱ्याचा आवाज येत होता. आजी कधीही बाहेर आली असती.

“दुसऱ्या कुठल्या तरी घरी असेल,” मी म्हटलं. “इथे नव्हता.”

मग टोपी काढून त्याने कपाळ पुसलं.

“मग माझीच नजर चुकली आसंल,” तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. “इतक्या वर्सांनी कोन कशाला… जाऊ दे. सव्वाबाराची गाडी हाय, ती गावंल आता.” आणि जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाला, “किल्ला झ्याक केलायस हां.”

त्या कौतुकाने मला मुळीच बरं वाटलं नाही.

आजोबा पाऊण तासाने परत आले. स्कूटर लावली, हेल्मेट काढलं आणि किल्ल्याकडे बघून जागच्या जागी थांबले. माझी पाचावर धारण बसली. गाईची गोष्ट ओठांवर आली होती, पण त्यांनी काही विचारलंच नाही. ते सावकाश व्हरांड्याच्या पायरीवर बसले. ओरडले असते तर मला परवडलं असतं. ते नुसते म्हणाले, “छान केलायस. प्रतापगड ना?”

“हो.”

“बरं.” आणि मग, बहुधा सवयीने, त्यांनी विचारलं, “कोणी काही विचारलं का?”

त्या प्रश्नाने मला रडू फुटलं. का ते तेव्हा कळलं नाही. मी नाडी खिशातून काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं ओकले. गाय वगळून.

आजोबांनी माझे दोन्ही दंड धरले.

“काय म्हणाला तो? शब्द न् शब्द सांग.”

“म्हणाला, दोन कडी होती. पांढरी फीत होती. डावा बुरूज पडका होता.”

“नुसता पडका म्हणाला?”

“तीन दगड बाहेर आणि एक आत.”

आजोबा उठले. साठ वर्षांच्या माणसाला मी तसं उठताना पाहिलं नव्हतं.

“कुठे गेला?”

“स्टँडवर. मेढ्याकडची सव्वाबाराची गाडी.”

त्यांनी घड्याळ पाहिलं. बाराला सात मिनिटं कमी होती. ते स्कूटरकडे धावले. आणि तिथे पोचल्यावर काय केलं असेल? ब्रेक दाबून बघितले. मग दिवा लावला.

“आजोबा, गाडी जाईल!”

“ही चुकून रस्त्यात बंद पडली तर नक्कीच जाईल,” ते पट्टी शोधत म्हणाले.

तेवढ्यात आजी झारा हातात घेऊन बाहेर आली. तिने किल्ला पाहिला, आजोबांना पाहिलं. मी तिला दोन वाक्यांत सांगितलं. तिने झारा कठड्यावर टेकवला आणि मला जवळ ओढलं.

“बासष्टची दिवाळी,” ती हलक्या आवाजात, भराभर सांगू लागली. “लढाई चालू होती. एका चौकीवर बत्तीस माणसं अडकली होती. हे धान्य घेऊन गेले तर खाली अक्षर चुकीचं. हे दोनदा फिरून आले, तरी तेच. परत फिरायचं, हा हुकूम. तिसऱ्या फेरीला यांना त्या अक्षराच्या शेजारी किल्ला दिसला. दिवाळीचा किल्ला! अगं, मातीचा किल्ला आपल्याकडचंच माणूस करतं, दुसरं कोण करील? यांनी सगळी पोती टाकली.”

“मग?”

“मग चौकशी. नियम मोडला, वर माल शत्रूला मिळाला असेल, असं कागदावर चढलं. किल्ला बघून टाकला म्हणाले तर लोक हसले. पुढे ती चौकी उठली, माणसं जंगलात पांगली. कोण होती, कुठे गेली, कोणी सांगेना. ह्यांच्या बरोबरीचे कुठल्या कुठे चढले, हे तिथेच राहिले. त्याचं काही वाटत नाही त्यांना. पण मला एकदा म्हणाले, कुमुद, ती बत्तीस माणसं जेवली की नाही, एवढंच मला कळायला हवं. सगळं गणगोत पुण्याला असताना इथे साताऱ्यात घर का बांधलं? रस्त्याकडेला? या मुलखात घरटी माणूस सैन्यात गेलेला. कधीतरी कोणीतरी एसटीतून जाताना बघेल म्हणून.”

आजोबांनी मागच्या चाकाला लाथ घातली आणि हाक मारली, “शलाका! बस लवकर. चेहरा तूच पाहिलायस.”

त्या दिवशी आजोबांनी स्कूटर कशी चालवली ते मी आईबाबांना आजवर सांगितलेलं नाही. आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा बारा वाजून तेरा मिनिटं झाली होती आणि मेढ्याची गाडी दोन मिनिटं आधीच हलली होती. आयुष्यभर एकही सेकंद इकडेतिकडे न करणाऱ्या माणसाच्या नशिबी नेमकी लवकर सुटणारी एसटी यावी! गाडी फाटकातून बाहेर वळत होती. खिडकीत ती टोपी मला दिसली.

“आजोबा, तोच!”

प्रवेश बंद अशी भलीमोठी पाटी असलेल्या त्याच फाटकातून आजोबांनी स्कूटर आत घातली आणि गाडीच्या नाकासमोर आडवी उभी केली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला.

“ओ काका!” कंडक्टर दारातून ओरडला. “सणासुदीचं मरायचंय का?”

आजोबा गाडीत चढले, त्यांच्यामागे मी. आतले सगळे आमच्याकडे बघत होते. मी तिसऱ्या बाकाकडे बोट दाखवलं. आजोबा त्या माणसासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. एकोणतीस वर्षं मनात धरलेलं वाक्य ऐन वेळी अडकून बसलं. मग मलाच बोलावं लागलं.

“काका, मी खोटं बोलले. काल तिथे दुसराच किल्ला होता. डावा बुरूज पडका होता. आज सकाळी मी तो मोडला.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. बराच वेळ त्यांचा चेहरा निरखला.

“तो किल्ला तुमी बांधला?”

आजोबांनी मान हलवली.

“पर तुमी आमच्यातलं न्हाई,” तो गोंधळून म्हणाला. “आमी बत्तीस जन व्हतो. हरेकाचं त्वांड मला पाठ हाय. दुसऱ्या कुनी तो किल्ला बगितलाच न्हाई. मग तुमाला कसा ठावा?”

आजोबांनी एक बोट वर, गाडीच्या टपाकडे केलं.

“मी वरून पाहिला,” ते म्हणाले.

गाडीत कोणालाच काही कळलं नव्हतं, पण सगळे माना पुढे काढून ऐकत होते. कंडक्टरसुद्धा.

“त्या दिवशी,” आजोबांनी विचारलं, “तुम्ही लोक जेवलात का?”

तो माणूस ताडकन उठला. वरच्या फळीवर डोकं आपटून टोपी खाली पडली, त्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्या अरुंद जागेत, दोन बाकांच्या मध्ये, तो सावधान उभा राहिला.

“जेवलो सायेब,” तो म्हणाला. “बत्तीसच्या बत्तीस जेवलो.”

आजोबांनी बाकाची दांडी घट्ट धरली. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही नीट पाहिलं नाही, कारण मलाच काही दिसत नव्हतं.

“आवो, उतरताय का येताय, काय ते ठरवा,” शेवटी कंडक्टर म्हणाला. पण खाली पडलेली टोपी त्यानेच उचलून, झटकून दिली.

त्याचं नाव ज्ञानदेव सपकाळ. सॅपर, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या पलटणीतला. पेन्शनीत आल्यावर मुंबईला एका गोदामावर राखणदार होता, त्याच वर्षी गावाकडे परतला होता. म्हणून इतक्या दिवाळ्या होऊन गेल्या तरी आमचा किल्ला त्याच्या नजरेला पडला नव्हता. आम्ही त्याला गाडीतून उतरवून घरी आणलं आणि आजीने जेवायला बसवलं. तो एक घास खायचा आणि चार वाक्यं बोलायचा.

“वायरलेसची बॅटरी मेली व्हती. नवं अक्षार कळायचं कसं? जुनंच हातरलं. दोन दिस आदी एक इमान आलं आन् तसंच म्हागारी गेलं. दिवसाला मूठभर तांदूळ, तेबी संपत आल्यालं. दिवाळीचा दिस. हाताला काम न्हाई, पोटात अन्न न्हाई. मी म्हनलं, किल्ला तरी करू. आमी चौघा-पाच जनांनी केला, चांगला बारा फुटांचा. खुणंची पांढरी फीत हातरली, पॅराशुटाच्या नारिंगी कापडाचा झ्येंडा लावला. आन् हवालदार आला!” तो हसायला लागला. “म्हनला, मोर्चाच्या भिंतीला दगूड न्हाईत आन् तुमी पोरखेळ करताय? घातली लाथ बुरजाला. म्हनला, आत्ताच्या आत्ता सगळा पाड.”

“मग?” मी विचारलं.

“मी म्हनलं, पाडतो. आन् पाडलाच न्हाई. पाडव्यापतुर ऱ्हावू दे म्हनलं. मनात म्हनलं, काय फाशी देतील का? दुसऱ्या दिशी सकाळी इमान आलं. गेलं. फिरून आलं. फिरून गेलं. आमी नुसतं वर बगतोय. कुनाचा जीव जाग्यावर न्हाई. तिसऱ्यांदा आलं ते आसं खाली, आसं खाली, की आतला मानूस दिसावा. आन् पडाया लागली की पोती! त्यातलं एक सायेब, थेट किल्ल्यावर. झ्येंड्यासकट समदा सपाट.”

आजोबा घास हातात धरून ऐकत होते.

“हवालदार म्हनला, सपकाळ, मी सांगून तू पाडंना, शेवटी वरनं पाडावा लागला. आन् आसं म्हनून पोत्याला मिठी मारून ढसाढसा रडला बगा. त्या दान्यावर आमी अठरा दिस काडलं. मग हुकूम आला, जंगलातनं चालत भाईर निगालो. तीन जन वाटंत थंडीनं गेलं. एकोणतीस घरी आलो.” त्याने पाण्याचा घोट घेतला. “सायेब, अक्षार चुकीचं असून माल टाकला. तुमाला वरनं कुनी काय बोललं न्हाई?”

आजीने वाढायचा डाव पातेल्यावर जरा जोरातच ठेवला. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले. “विशेष काही नाही. भात घ्या अजून.”

त्या क्षणी मला माझ्या हमाल आजोबांचा जो अभिमान वाटला, तो सांगायला मी ही गोष्ट लिहायला घेतली. किती विमानं पाडली म्हणून विचारणाऱ्या मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी तिथल्या तिथे उचलून आमच्या पंगतीत बसवलं असतं.

जेवण झाल्यावर मी कोणी न सांगता प्रतापगड मोडला. रॅकेटी गेल्या तर गेल्या. सपकाळ काकांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि आजोबांच्या शेजारी मातीत बसकण मारली. दोघांनी दोन कडी रचली. आजोबांचं माप इंचभर चुकत होतं म्हणे, ते काकांनी सुधारलं. मी नाडी अंथरली. मग आजोबा डावीकडे सरकले, तीन दगड बाहेर ठेवले आणि चौथा आत तिरका लावायला लागले.

“सायेब, ह्यो पडका कशापायी?”

“मी पाहिला तेव्हा असाच होता.”

“तो हवालदाराच्या लाथंचा. मी बांदला तवा चांगला बांदला व्हता.”

आजोबांनी चौथा दगड परत उचलला. मग त्यांनी तो माझ्या हातात दिला.

“शलाका,” ते म्हणाले, “डावा बुरूज नीट कर.”

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले, आमच्या किल्ल्यासमोर जेमतेम अर्धं मिनिट थांबले, आणि रॅकेटी अपेक्षेप्रमाणे पाटणकरांकडे गेल्या. संध्याकाळी दिवे लागल्यावर आजोबा व्हरांड्यात खुर्चीत येऊन बसले. रस्त्यावरून एसट्या जात होत्या, धूळ उडत होती. मी पायरीवर बसून वाट बघत होते. पण त्यांनी रेडिओ लावला, आजीने दिलेल्या बशीतली एक चकली उचलली आणि मला म्हणाले, “पुढच्या वर्षी प्रतापगड करू. धबधब्यासकट.”

किल्ला बघून कोणी काही विचारलं का, ते त्यांनी त्यानंतर कधीच विचारलं नाही.